सोसायटीच्या तीन मशिनवर एकच टूलबार: कसा मांडायचा, कसा न्यायचा

देवगडकडच्या एका आंबा बागायतदार सोसायटीच्या कार्यालयातून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. कार्यालयात तीन मशिनं आहेत. दोन नव्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस (ऑफिससारखाच, पण फुकटचा प्रोग्राम), एका जुन्या डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस. तिन्हीवर तिघंजण आलटून पालटून बसतात. रोज लागणारी कामं मेनूत खोल दडलेली आणि कधीच न लागणारी बटणं डोळ्यांसमोर. एखादा टूलबार, म्हणजे बटणांची वरची ओळ, अधूनमधून गायब होतो. एकीने मांडलेलं दुसऱ्याला नको असतं. जुन्या सेक्रेटरींना सगळं ऑफिस २००३ सारखं हवंय. टूलबार हवा तसा कसा मांडायचा आणि तोच तिन्ही मशिनवर कसा न्यायचा?

ताई, आधी एक पथ्य सांगतो. एका खुर्चीवर तिघं बसत असतील तर मूळचे दोन टूलबार, म्हणजे स्टँडर्ड आणि फॉरमॅटिंग, कुणीही हलवायचे नाहीत. त्यातलं बटण काढायचं नाही, घालायचंही नाही. तुम्हाला जे हवंय त्याचा तिसरा, वेगळा टूलबार करायचा आणि त्याला माणसाचं नाही, कामाचं नाव द्यायचं: ‘आंबा पट्टी’ (पट्टी म्हणजे बागायतदाराला द्यायचा पेट्यांचा आणि दराचा हिशेब), ‘सभेची पत्रं’, ‘ठराव’. फायदा साधा आहे. सीझनला हाताखाली येणारी मुलं एमएससीआयटीत मूळची मांडणी शिकून आलेली असतात, त्यांना ती जागच्या जागी मिळते. कणकवलीहून कुणी फोनवर ‘वरच्या ओळीत डावीकडून तिसरं’ असं सांगितलं तर ते तिथेच असतं. ज्याला तुमचा टूलबार नको, तो व्ह्यू मेनूतल्या टूलबार्सच्या यादीत त्यावरची खूण काढतो, ज्याला हवा तो पुन्हा खूण करतो आणि प्रश्न मिटतो. ‘माझा बटन खंय गेला?’ ही कार्यालयातली रोजची हाक बहुतेक वेळा मूळ टूलबारमध्ये कुणीतरी हात घातल्यामुळेच ऐकू येते.

टूलबार बांधायला बसण्याआधी आठवडाभर कीबोर्डशेजारी एक कागद ठेवा. मेनूत दोन पायऱ्या खाली उतरून जे जे करावं लागलं ते त्यावर लिहायचं, पुन्हा लागलं की रेघ मारायची. ज्याच्यापुढे रेघा साचतील ते बटण होणार. नुसतं आठवून यादी केली तर ती हमखास चुकते, कारण आठवतं ते अवघड काम आणि हवं असतं ते वारंवार लागणारं. ज्याचा शॉर्टकट हाताला बसलाय त्याला जागा देऊ नका. कॉपी, पेस्ट, सेव्ह यांची बटणं तुमच्या टूलबारवर दिसली तर ती जागा फुकट गेली असं समजा. आणि दहा-बारा बटणांवर थांबा. लॅपटॉपच्या रुंदीत न मावणारी बटणं उजव्या टोकाच्या छोट्या दुहेरी बाणामागे जातात, आणि त्या बाणामागे गेलेलं बटण असून नसल्यासारखं असतं.

आता कृती. लिब्रेऑफिसचं कॅल्क, म्हणजे त्यातलं एक्सेल, उघडा, कारण पट्ट्या तिथे होतात. टूल्स मेनूत कस्टमाइझ, त्यात टूलबार्स हा टॅब. उजव्या बाजूला वर स्कोप आणि त्याखाली टार्गेट असे दोन रकाने दिसतील. स्कोप तूर्त लिब्रेऑफिस कॅल्कच ठेवा. टार्गेटशेजारच्या छोट्या बटणावर ॲड निवडलं की नाव विचारेल. तिथे देवनागरीत ‘आंबा पट्टी’ लिहिलंत तरी चालतं. मग डावीकडच्या शोधाच्या चौकटीत हवं ते काम शोधायचं आणि मधल्या बाणाने उजवीकडे ढकलायचं. वर-खाली बाणांनी क्रम लावा, आणि दोन गटांमध्ये इन्सर्टमधून सेपरेटर टाका, म्हणजे डोळ्याला थांबा मिळतो.

इथे एक गोष्ट सहसा कुणी करत नाही, पण तुमच्यासारख्या कार्यालयात तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो. बटण निवडून मॉडिफायमध्ये रिनेम करा आणि मराठी नाव द्या. मग टार्गेटच्याच त्या छोट्या बटणातून ‘फक्त मजकूर’ किंवा ‘चिन्ह आणि मजकूर’ हा प्रकार निवडा. लिब्रेऑफिसमधली काही चिन्हं इतकी एकसारखी आहेत की मलाही त्यांवर उंदीर थांबवून नाव वाचावं लागतं. ‘छापायचा भाग ठरव’, ‘नुसते आकडे चिकटव’, ‘वर ओळ घाल’ असं लिहिलेलं असलं की पहिल्या दिवशी आलेला मुलगाही विचारायला येत नाही. जागा जास्त खातं हे खरं, म्हणूनच दहा-बाराची मर्यादा.

पट्टीच्या कामाला कुठली बटणं, ते तुमचा कागद सांगेलच. तरी ‘नुसते आकडे चिकटव’, म्हणजे पेस्ट स्पेशलमधली फक्त किंमत चिकटवणारी आज्ञा, हिला मी पहिली जागा देतो. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटीचे दर एका शीटवर असतात आणि पट्टीत ते सूत्राने ओढलेले असतात. वाशीचा दर उतरला की तुम्ही दराचं शीट बदलता, आणि गेल्या आठवड्यात बागायतदाराला दिलेल्या पट्टीतलाही आकडा गुपचूप बदलतो. पट्टी पक्की झाली की सूत्रं काढून त्यांच्या जागी आकडे बसवायलाच हवेत. हे काम मेनूत दोन पायऱ्या खाली राहिलं तर घाईत कुणी करत नाही. बटण समोर असलं तर करतात. टूलबारला चूक टाळण्याचं साधन म्हणतात ते एवढ्याचसाठी.

त्यामागे प्रिंट रेंज, म्हणजे छापायचा भाग, ठरवायचं बटण. ती ठरवली नसेल तर शेजारच्या स्तंभांत मांडलेलं भाड्याचं आणि हमालीचं कच्चं गणितही कागदावर छापून येतं. मग पहिल्या ओळी गोठवणारं फ्रीझ, नावं गाळून बघायला ऑटोफिल्टर, वर ओळ घालणं. पीडीएफचं बटण मूळच्या स्टँडर्ड टूलबारवर आहेच, पण मराठी नावाने ते पुन्हा आपल्या टूलबारच्या शेवटी घ्या, कारण पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवायची ती पीडीएफच. शीट तशीच पाठवली तर मोबाइलवर ती वेडीवाकडी उघडते आणि आकडे बदलताही येतात.

रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या वर्डमध्ये, हा टूलबार दिसणार नाही, घाबरू नका. कॅल्कचे टूलबार कॅल्कपुरते, रायटरचे रायटरपुरते. सभेच्या नोटिसा आणि ठरावांसाठी तिथे वेगळा बांधावा लागेल. तो लहान असू द्या: पान तोडणं, तक्त्यात ओळ घालणं, एवढं पुष्कळ.

रायटरच्या या टूलबारवर दोन बटणं मात्र जाणीवपूर्वक ठेवू नका. एक, फॉरमॅटिंग पुसून टाकणारं. दुसरं, मजकूर फॉरमॅटिंगविना चिकटवणारं. इंग्रजीत लिहिणारा तज्ज्ञ हीच दोन बटणं सर्वांत आधी बसवायला सांगेल, आणि युनिकोडमध्ये (फॉन्ट बदलला तरी अक्षर मराठीच राहतं ती आजची पद्धत) लिहिलेल्या मजकुरापुरतं त्याचं बरोबरही आहे. पण तुमच्या कपाटात, म्हणजे जुन्या डेस्कटॉपवर, वीस-पंचवीस वर्षांचे ठराव शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत पडले असणार. त्या फाइलींमधली अक्षरं मुळात रोमनच असतात. त्यांना मराठी रूप देतो तो फक्त फॉन्ट. फॉरमॅटिंग पुसलं की फॉन्ट जातो आणि सरपंचांच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांची आणि स्वल्पविरामांची खिचडी उरते. लगेच अनडू केलं तर परत येतं. सेव्ह करून बंद केलं तर नाही. रायटरमध्ये कंट्रोल आणि एम, वर्डमध्ये कंट्रोल आणि स्पेस हेच काम करतात, म्हणून जुनी फाइल उघडली असेल तेव्हा तेही जपून. या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणणं हे वेगळं काम आहे. पावसाळ्यात फुरसत असते तेव्हा करा, पण करा.

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर फॉन्टच्या रकान्याबद्दलही. सामाईक मशिनवर तो रकाना हेच गोंधळाचं मूळ असतं. एकाने मंगल घेतला, दुसरीने कोकिळा, तिसऱ्याने आणखी काही, आणि अहवालाच्या एकाच पानावर तीन जाडीची मराठी. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि रोमनचा फॉन्ट वेगवेगळे साठवले जातात. रकान्यात दिसतो तो कर्सर ज्या लिपीत असेल तिचा. त्यामुळे मधेच एखादा रोमन शब्द आला की रकान्यातलं नाव बदलतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो. उपाय टूलबारवर नाही, स्टाइलमध्ये आहे. ‘सोसायटी मजकूर’ नावाची एक परिच्छेद-स्टाइल करा, तिच्यात दोन्ही लिप्यांचे फॉन्ट आणि आकार ठरवा, आणि कस्टमाइझच्या कीबोर्ड टॅबमध्ये तिला एखादी मोकळी एफ-कळ द्या. बाकीच्यांना एवढंच सांगायचं: फॉन्टला हात लावायचा नाही, ती कळ दाबायची.

आता स्कोपचा रकाना, जो तूर्त सोडायला सांगितला होता. त्याच्यात प्रोग्रामच्या नावाखाली उघडलेल्या फाइलचंही नाव असतं. ते निवडून टूलबार केलात तर तो मशिनवर नाही, त्या फाइलच्या आत जाऊन बसतो. फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या लॅपटॉपवर नेली की टूलबारही तिच्याबरोबर जातो, आणि फाइल बंद केली की निघून जातो. दुसऱ्या कुणाच्या कामात येत नाही. तुमच्या तीन मशिनांपैकी दोनांचा प्रश्न इथेच सुटतो. कोऱ्या पट्टीची एक फाइल करा, तिच्यात हा टूलबार ठेवा, आणि प्रत्येक बागायतदाराची पट्टी तिच्यावरून सेव्ह ॲज करून बनवा. कोरी फाइल गुणधर्मांत जाऊन रीड-ओन्ली करून ठेवा, नाहीतर पहिल्याच गर्दीच्या दिवशी कुणीतरी तिच्यावरच नाव टाकेल. एक अट पाळावीच लागेल: फाइल लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीएस प्रकारातच ठेवायची. एक्सेलच्या प्रकारात सेव्ह केली की टूलबार गळून पडतो. ओडीएस फाइल म्हणजे आतून एक झिप असते आणि टूलबारची माहिती तिच्यातल्या वेगळ्या कप्प्यात राहते. एक्सेलच्या प्रकारात लिब्रेऑफिस तो कप्पा लिहीत नाही.

जो टूलबार मशिनवर बांधलाय तो न्यायचा असेल तर वापरकर्त्याच्या फोल्डरात शिरावं लागतं. विंडोजमध्ये लपवलेली फोल्डरं दाखवायला सांगा. मग यूजर्सखाली तुमच्या लॉगिनच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात लिब्रेऑफिस, आणि त्यात ‘४’ नावाचं फोल्डर. आवृत्ती कितीही नवी असली तरी त्या फोल्डरचं नाव ४ च आहे, तेव्हा जुनं समजून पुसू नका. त्याच्या आत यूजर, मग कॉन्फिग, आणि त्यात सॉफिस डॉट सीएफजी नावाचं फोल्डर. नाव फाइलसारखं आहे, पण ते फोल्डर आहे, आणि तुम्ही काही मांडलं असेल तरच सापडेल. दोन्ही मशिनवर लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून ते तसंच्या तसं दुसरीकडे त्याच जागी टाका. तिथे आधीच काही मांडलेलं असेल तर त्याची प्रत बाजूला ठेवा, कारण ते झाकलं जाईल. टूलबार लगेच दिसला नाही तर व्ह्यूमधल्या टूलबार्सच्या यादीत बघा, नाव आलेलं असेल; खूण करा. कुठला टूलबार दिसतो नि कुठला लपतो ही नोंद दुसऱ्याच फाइलमध्ये असते, ती इथे येत नाही.

गायब होणाऱ्या टूलबारचं कारण बहुधा त्याच्या बंद करायच्या फुलीत असतं. तक्त्यात कर्सर गेला की टेबलचा टूलबार आपोआप येतो, कधी कधी मजकुरावर तरंगतो. कुणीतरी वैतागून त्याची फुली दाबतो. त्यानंतर तो स्वतःहून येत नाही आणि आठवड्याने दुसरं कुणीतरी तो शोधत बसतं. व्ह्यू, टूलबार्स, आणि यादीच्या तळाशी रीसेट: प्रसंगानुसार येणारे टूलबार पुन्हा यायला लागतात. तरंगणारा टूलबार नको असेल तर फुली दाबण्याऐवजी त्यावर उजवी क्लिक करून डॉक करा, आणि जागेवर बसला की तिथेच लॉकचा पर्याय आहे तो लावा. टचपॅडवर बोट घसरून टूलबार ओढला जाण्याचे प्रकार लॅपटॉपवर फार होतात, ते त्याने थांबतात. आणि सगळंच विचित्र दिसायला लागलं तर प्रोग्राम काढून पुन्हा टाकू नका, त्याने काहीच फरक पडत नाही. सेटिंग प्रोग्रामात नसून त्या ‘४’ च्या फोल्डरात असतं. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये चालू करा, तिथे मांडणी मूळपदावर आणायचा पर्याय मिळतो. सॉफिस डॉट सीएफजीची प्रत पेनड्राइव्हवर असेल तर त्यानंतर टूलबार परत आणायला पाच मिनिटं पुरतात.

वळवाचे दिवस आणि वीज यांचं नातं तुम्हाला मी सांगायला नको. टूलबार बांधून झाला की प्रोग्राम एकदा रीतसर बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे जागा आणि मापं लिहून ठेवली जातात. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ऑटोरिकव्हरीची, म्हणजे आपोआप प्रत ठेवण्याची, वेळ दहा मिनिटांवरून तीनवर आणा.

मायक्रोसॉफ्टच्या मशिनची गोष्ट वेगळी. २००३ पर्यंत तिथेही टूलबार ओढून हवे तसे मांडता येत. २००७ ला रिबन, म्हणजे टॅबांत विभागलेला बटणांचा रुंद पट्टा, आली आणि ते सगळं गेलं. मांडायला उरली ती बटणांची वरची चिमुकली ओळ, क्विक ॲक्सेस. २०१० पासून रिबनवर स्वतःचा टॅब करता येतो. तुमच्या कामाला मी टॅब करायला सांगणार नाही, क्विक ॲक्सेसच पुरे. रिबनवरच्या कुठल्याही बटणावर उजवी क्लिक करून तिथे टाकता येतं, आणि ही ओळ रिबनखाली घेतली की हाताशी येते. ऑल्ट दाबून १, २, ३ दाबलं की तिथली पहिली, दुसरी, तिसरी आज्ञा चालते. म्हणून ‘नुसते आकडे’ पहिल्या जागी ठेवा; ऑल्ट आणि १ ची सवय दोन दिवसांत लागते. रिबनवर सापडत नसेल ते ऑप्शन्समध्ये ‘रिबनवर नसलेल्या आज्ञा’ या यादीत असतं. तिथेच उजवीकडे वर ‘सर्व फाइलींसाठी’ की ‘याच फाइलसाठी’ हेही निवडता येतं, म्हणजे पट्टीच्या फाइलमध्ये बटणं ठेवायची युक्ती एक्सेलमध्येही चालते.

ऑप्शन्सच्या त्याच पानावर इम्पोर्ट-एक्स्पोर्ट आहे. एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा, मशीन बदललं की कामी येईल. इम्पोर्ट करताना एवढं लक्षात असू द्या की आधीची मांडणी पूर्ण पुसली जाते, दोन्ही मिसळत नाहीत. आणि वर्डची फाइल वर्डला, एक्सेलची एक्सेलला. बटणामागे मॅक्रो (एका दमात चालणाऱ्या आज्ञांची साखळी) असेल तर मॅक्रो त्याच्याबरोबर येत नाही. बटण दिसतं, दाबलं की सापडत नाही म्हणून सांगतं. ही फाइल लिब्रेऑफिसला मात्र कळत नाही. तेव्हा तिन्ही मशिनवर हुबेहूब एकच टूलबार हवा असेल तर सरळ मार्ग म्हणजे डेस्कटॉपवरही लिब्रेऑफिस टाकणं. ते फुकट आहे आणि एक्सेलशेजारी सुखाने नांदतं.

जुन्या सेक्रेटरींचं सोपं आहे. त्यांना लॅपटॉपवर बसवा आणि व्ह्यूमधल्या यूजर इंटरफेसमध्ये स्टँडर्ड टूलबार निवडा. वर मेनू, खाली बटणांच्या दोन ओळी. २००३ च्या बरंच जवळ जातं. कुणी तिथे टॅबचा प्रकार लावून ठेवला असेल तर त्यात बटणं दाखवणं-लपवणं यापलीकडे फारसं मांडता येत नाही, म्हणून तुमच्या टूलबारसाठीही स्टँडर्डच हवा. त्यांच्या जुन्या एक्सेल फाइलला त्या काळी स्वतःची बटणं जोडलेली असतील आणि ‘ती हरवली’ अशी तक्रार असेल, तर डेस्कटॉपवर ती फाइल उघडून ॲड-इन्स नावाच्या टॅबमध्ये बघा. नव्या ऑफिसने जुने टूलबार फेकलेले नाहीत, तिथे नेऊन ठेवलेत.

तिघांना तीन वेगळी विंडोज लॉगिनं द्यावीत का, असं तुम्ही पुढे विचाराल. त्याने प्रत्येकाची मांडणी वेगळी राहते हे खरं. पण पाडव्यानंतर टेम्पो दारात उभा असताना कुणी लॉगआउट करून दुसऱ्याला जागा देईल असं मला वाटत नाही. एकच लॉगिन ठेवा, मूळ टूलबार तसेच ठेवा आणि कामाचा टूलबार कामाच्या फाइलमध्ये ठेवा.